पंधरा वर्षे न उपसलेली टाकी

“डॉक्टर, आमची संडासाची टाकी पंधरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. बांधकामच तसे पक्के आहे!” असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत एखादे तरी भेटतात. याच गृहस्थांच्या घरी पावसाळ्यात दोन मुलांना कावीळ झाली, की पहिला संशय पाणीपुरीच्या गाडीवर जातो. टाकीवर कोणाचाच जात नाही. ती जमिनीखाली असते, वर फरशी असते आणि फरशीवर स्कूटर उभी असते.

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवण्याचा हौद, हा समज मुळातच चुकीचा आहे. टाकी वापरात आली की थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. जेवढे पाणी आत येते, तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. मधल्या काळात ते एक-दोन दिवस टाकीत थांबते. तेवढ्यात जड भाग तळाशी बसतो आणि तेलकट, हलका भाग सायीसारखा वर तरंगतो. तळच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात. ते गाळ पचवतात, त्यामुळे तो आटतो, पण संपत मात्र नाही. दरवर्षी थोडा थोडा थर चढत जातो व पाण्याला थांबायला जागा उरत नाही. मग आलेला मैला जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडू लागतो. घरात मात्र भांडे व्यवस्थित वाहते, म्हणून मालक समाधानी असतात.

तेव्हा पंधरा वर्षे न उपसलेल्या टाकीचा अर्थ बहुधा असा, की एक तर तिचा तळ गळका आहे, नाही तर मैला सरळ गटारात किंवा शोषखड्ड्यात चालला आहे. यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उत्तम चालणाऱ्या टाकीतूनही निघणारे पाणी शुद्ध नसते. त्यात विषमज्वर, कावीळ, जुलाब यांचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. म्हणूनच ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे आणि तो खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, टाकी आणि बोअर बसवताना हे अंतर कोण मोजतो? “बोअर दोनशे फूट खोल आहे,” असे उत्तर मिळते. पण आपल्याकडील काळ्या पाषाणात भेगा असतात व त्यांतून घाण पाणी सहज खाली उतरते. वरचा केसिंग पाइप नीट बसवलेला नसेल, तर बोअरच्या खोलीचा काही उपयोग नाही. घरात गरोदर बाई असेल, तर बोअरचे पाणी उकळूनच द्यावे. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणात प्राणघातक ठरू शकते.

टाकी केवढी असावी? पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी पुरते. मोठी बांधली म्हणून उपसण्यातून सुटका होत नाही. दर दोन ते तीन वर्षांनी गाळ काढावाच. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ साली तक्रारीची वाट न पाहता ठरलेल्या पाळीने, तीन वर्षांतून एकदा, घरोघरच्या टाक्या उपसण्यास सुरुवात केली. पुढे नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही तोच मार्ग धरला. इतर गावांनी घ्यावा असा हा धडा आहे. टँकरवाल्याला मैला कुठे रिकामा करणार, हे जरूर विचारावे. ओढ्यात ओतला, तर तो फिरून आपल्याच गावाच्या पाण्यात येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाकीत माणूस उतरवू नये. ओळखीचा असला, तयार असला, पूर्वी दहा वेळा उतरलेला असला, तरीही नाही. आत कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नये. प्राणवायू नसल्याने माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच टाकीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण याच वर्तमानपत्रात वाचतो. कोणी पडलाच, तर खाली न उतरता ताबडतोब अग्निशमन दलाला बोलवावे. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो घरमालकालाही लागू होतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

झाकणाजवळ काडीही ओढू नये, कारण टाकीत मिथेन असतो. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले होते, तोच हा वायू!

बाकीची निगा सोपी आहे. भांड्यात सॅनिटरी नॅपकिन, चिंध्या, दुधाच्या पिशव्या, उरलेले तेल टाकू नये. ॲसिड आणि फिनेल बेताने वापरावे, नाही तर गाळ पचवणारे जंतूच मरतात. बाजारातल्या जंतूंच्या पावडरीवर पैसे घालवण्याची गरज नाही. उपसताना तळाशी दोन बोटे गाळ ठेवावा, तेवढे विरजण पुरते. नव्या टाकीत पाणी भरून थोडे कुजलेले शेण टाकले, तरी काम सुरू होते.

हवेच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला मात्र जाळी बांधावी. ती नसेल तर टाकी म्हणजे क्युलेक्स डासांचा कारखानाच. हत्तीरोग पसरवणारे डास ते हेच. आरोग्य कर्मचारी दारावर येऊन जाळी बांधायला सांगतात, तेव्हा आपण मान डोलावून दार लावतो. नायलॉनच्या जाळीचा वीतभर तुकडा आणि थोडी सुतळी, एवढेच त्याला लागते. टाकीच्या झाकणावर फरशी बसवलेली असेल, तर ती पुढच्या उपशाच्या वेळी काढून तिथे उचलता येणारे झाकण करून घ्यावे आणि उपसल्याची तारीख वीजबिलांच्या फायलीत लिहून ठेवावी.