आठ आणि त्रेचाळीस

जुनी जीप ओळखायची ती तोंडावरून, अशी आपली पद्धत. समोरची सात फटींची जाळी, सपाट मडगार्ड आणि दोन गोल दिवे दिसले की काम झालं. पण जिच्यामुळे जीप ही जीप झाली ती गोष्ट दिसतच नाही. ती मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात, तेलात बुडालेली असते. त्यात एक छोटं दातेरी चाक, पिनियन, आणि एक मोठं, क्राऊन. पिनियनला 8 दाते आणि क्राऊनला 43. त्रेचाळीसला आठाने भागलं की येतात 5.38. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, प्रॉपेलर शाफ्टला, सव्वापाचाहून जास्त फेरे मारावे लागतात. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या जीपचा क्राऊन-पिनियन मागायला जाणाऱ्याला हा आकडा तोंडपाठ हवा, नाहीतर भलताच जोड गळ्यात पडायचा.

या आकड्याचा जन्म अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. त्या लष्करी जीपच्या पिनियनला 8 आणि क्राऊनला 39 दाते होते, म्हणजे गुणोत्तर 4.88. युद्ध संपत आल्यावर विलीजला प्रश्न पडला, आता ही गाडी घेणार कोण? उत्तर होतं, शेतकरी. 1945 साली आलेली सीजे-2ए ही जीप नांगर ओढणारी, मळणीयंत्र चालवणारी, बाजारालाही जाणारी गाडी म्हणून विकली गेली. नांगराला वेग नको असतो, ओढ हवी असते. म्हणून क्राऊनचे दाते 39 वरून 43 वर गेले. पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला लो गिअरही 1.97 वरून सुमारे 2.4 वर आला. युद्धातून शेतात येताना जीपमध्ये झालेला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच, असं माझं मत आहे.

पुढे महिंद्रांनी विलीजशी करार केला, सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि मग हळूहळू इथेच बनवली. आपल्याकडे अनेक दशकं पळाली ती 1953 च्या सीजे-3बीची वंशावळ. तिच्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर चढले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच झालं. खडकी-देहूरोडच्या लष्करी पट्ट्यामुळे पुण्याला ही गाडी आधीपासून ओळखीची होती. नंतर ती सरकारी खात्यांत, साखर कारखान्यांत आणि निवडणुकीच्या प्रचारात शिरली.

त्याच काळात रस्त्यावर दुसऱ्या अमेरिकन गाड्याही होत्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशी करार होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडत. चाळीसच्या दशकातल्या प्लिमथचं मागचं गुणोत्तर साधारण 3.9. ताशी 60 किलोमीटरला तिचं इंजिन मिनिटाला पावणेदोन हजारांच्या आसपास फेरे घेई. त्याच वेगाला जीपचं इंजिन चोवीसशेच्या पुढे गेलेलं असे. दोन्ही गाड्यांना गिअर तीनच आणि टॉप गिअर सरळच, फरक सगळा मागच्या एक्सलचा. प्लिमथमध्ये शेठजी पेपर वाचत बसत आणि जीपमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे, त्यात या दात्यांचा वाटा मोठा.

जीपच्या टी-90 गिअरबॉक्सचं पहिल्या गिअरचं गुणोत्तर सुमारे 2.8. त्याला लो गिअरच्या 2.4 ने आणि मागच्या 5.38 ने गुणा. उत्तर येतं छत्तीसच्या घरात. इंजिनाने छत्तीस फेरे मारावेत तेव्हा चाकाने एक. हजार फेऱ्यांवर सोडलेलं इंजिन गाडीला माणसाच्या सावकाश चालीने, ताशी साडेतीन किलोमीटरने, चिखलातून किंवा दगडगोट्यांच्या ओढ्यातून बाहेर काढतं. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायची गरज नाही. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाची एवढी कीर्ती झाली ती या गुणाकारामुळे.

घाटात मात्र चालवणाऱ्याची परीक्षा होई. गिअर बिनआवाज जुळवणारा सिंक्रोमेश दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरलाच, पहिला तसाच कोरडा. जुना कात्रज घाट चढताना पुढे बैलगाडी आली आणि दुसऱ्यात दम संपला, तर चालत्या गाडीत पहिला टाकायला डबल क्लच लागे. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून पहिला टाकायचा. हे सगळं गाडी थांबायच्या आत. बेत चुकला की दाते किरकिरले आणि मागच्या बाकावरच्या जाणत्या माणसाने 'च्यक' केलंच म्हणून समजा. उतरताना वेगळीच खोड. हब आणि सिंक्रो झिजले की पाय उचलल्याबरोबर दुसरा गिअर निसटे. मग एका हाताने स्टिअरिंग आणि डाव्या हाताने दांडा दाबून धरत खाली यायचं.

डिझेल इंजिनं आली तसा 5.38 चा जाच सुरू झाला. डिझेल पेट्रोलइतकं वर फिरत नाही, मग सरळ रस्त्यावर गाडी लवकरच दमते. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या जीपा दहा-बारा माणसं आत आणि दोन-चार मागे लोंबकळत घेऊन फिरल्या, तेव्हा तो एक्सल अगदी योग्य होता. आज हौसेने जीप घेणाऱ्याला मात्र रविवारी एक्स्प्रेस हायवेसारखा पळायचा रस्ता हवा असतो. मग कोणीतरी 4.88 चा जोड सुचवतं, आणि इथेच घोटाळा होतो. मागचा बदलला जातो, पुढचा तसाच राहतो. टू-व्हीलमध्ये काही कळत नाही. फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, दहा टक्क्यांचा फरक. चिखलात चाक घसरून निभावतं, डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि ती रडायला लागते. भंगारातून जमवलेल्या जीपांमध्ये हा आजार भरपूर.

क्राऊन-पिनियन बसवणं हे घाईचं काम नव्हे. दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवायचं आणि पिनियनचा ठसा कुठे उमटतो ते बघायचं. तो दात्याच्या मध्यावर येईपर्यंत पातळ शिम घालत-काढत राहायचं. तेलातही भेद आहे. एक्सलला जास्त दाबाचं हायपॉइड तेल चालतं, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा खातात. दोन्हीकडे 'नव्वद नंबर' ओतून मोकळं होणारा मिस्त्री स्वस्तात महाग पडतो.

पुण्याचं आणि जीपचं नातं नंतर भलत्याच बाजूने जुळलं. 2017 पासून जीप कंपास नगर रस्त्यावरच्या रांजणगावात बनते, आणि 2021 पासून रँग्लरही तिथेच जोडली जाते. कंपासच्या ट्रेलहॉक या खास ऑफ-रोड अवताराचं सगळ्यात खालचं गुणोत्तर कंपनीच्या हिशेबाने 20 ला 1, तेही नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकसह. तीन गिअरच्या जुनीचं छत्तीस. रँग्लर रुबिकॉन मात्र सत्याहत्तरपर्यंत जाते, तिथे नातीने आजीला मागे टाकलं.

जुनी जीप घ्यायला जात असाल तर रंग आणि सीट बघण्याआधी एक खडू आणि जॅक मागा. उरलेल्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. मागचं मोजताना हँडब्रेक सोडायला विसरू नका, तो या गाडीत प्रॉपेलर शाफ्टवरच असतो. मागचं एकच चाक उचला, शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि चाक हाताने वीस फेरे फिरवा. शाफ्टचे 54 च्या आसपास भरले तर 5.38, 49 च्या आसपास भरले तर 4.88. मग पुढचं एक चाक उचलून पुढच्या शाफ्टवर तेच करा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी इसार देऊ नका.