‘दुनियादारी’ संपली, आता पुढं काय?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीतून चिकलठाणा एमआयडीसीकडे ड्यूटीला जाणाऱ्यांच्या पिशवीत डब्याशेजारी पुस्तक क्वचितच दिसतं. आमच्या शेजारच्या पोराच्या पिशवीत असतं. मशिन चालवतो, सेकंड शिफ्टला असतो. गेल्या महिन्यात जिन्यात गाठून म्हणाला, “काका, ‘दुनियादारी’ संपली. आता पुढं काय वाचू?” मोबाईलवर त्यानं ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ काढून ठेवली होती. ‘ययाती’, ‘मृत्युंजय’, ‘अग्निपंख’, श्रीमंत होण्याचे दोन-तीन मंत्र, सगळं एका ओळीत. असल्या यादीनं वाचक वाढत नाही, दडपतो.

मी त्याला ‘कोसला’ सांगितली. सुहास शिरवळकर लोकप्रिय आणि भालचंद्र नेमाडे साहित्यिक, म्हणून दुकानदार दोघांना वेगळ्या फळीवर ठेवतात. पण दोन्हीकडे बाहेरगावचा पोरगा पुण्याला कॉलेजात येतो आणि मित्रांत रमतो. शिरवळकर त्यातली मैत्री खुलवतात, तर नेमाडे त्यातला रितेपणा. १९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. पुढं ते आपल्याच मराठवाडा विद्यापीठात शिकवायला होते. तेव्हा पुढचं पुस्तक शोधताना आवडलेल्या पुस्तकाचा भाऊबंद शोधावा. लेखकाचं वजन नंतर बघू.

वैचारिक आणि चरित्रात्मक पुस्तकांनाही हेच लागू. कारखान्यात राबणाऱ्याला यशाचे मंत्र वाचायचेत, तर वाचू द्या. पण सोबत लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ द्या. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मकथन. त्यात लातूरची सूतगिरणी आहे, कामगारांची युनियन आहे आणि जन्मानंच चोर ठरवलेल्या जमातीतल्या पोराची पोटासाठीची वणवण आहे. शिफ्टमुळे सलग वाचायला होत नसेल, तर आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह घ्यावा. त्यालाही २०१६ साली अकादमी मिळाली. एका बैठकीत एक कथा होते आणि परभणीकडची माणसं आपल्या गल्लीतली वाटतात. पुरस्काराचा शिक्का बघून पुस्तक घेणं मात्र मला पटत नाही. शिक्का परीक्षकांची आवड सांगतो, आपली नाही.

अनुवादाचं थोडं वेगळं. तिथं मी आधी अनुवादकाचं नाव बघतो. कलामांचं ‘अग्निपंख’ मराठीत माधुरी शानभाग यांनी आणलं, आणि ते ज्यांनी वाचलंय त्यांना त्या नावाची किंमत कळते. अनुवादकाचं नाव बारीक अक्षरातही छापलेलं नसेल, तर ते पुस्तक मी परत ठेवतो. फुटपाथवरच्या स्वस्त प्रतीचा धडा मला एकदाच पुरला. रात्री अकराला रंगात आलो होतो. ११२ व्या पानानंतर पुन्हा ९७ वं पान! सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला आणि पुढचा, ११३ ते १२८, गायब. खून कोणी केला ते मला आजतागायत माहीत नाही. म्हणून विकत घेताना प्रकाशकाचं पान, आवृत्तीचं साल आणि बांधणी बघून घ्या. त्यासाठी औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांपर्यंतची चक्कर वसूल होते.

पैसे घालवायच्या आधी चव बघायची सोय तर दिवाळी अंकात आहेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक असाच नवे लेखक चाखत आलाय. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकदा पैसे भरले की पुढं कित्येक महिने अंक पालटून आणता येतात. ज्याची कथा दोनदा वाचावीशी वाटली, त्याचं पुस्तक मागायचं. यापेक्षा खात्रीची यादी मला तरी ठाऊक नाही.

आता आमच्या पोराचं. ‘कोसला’ पन्नासाव्या पानावर अडली. मी म्हटलं, ठेव बाजूला. नाही आवडलं तर सोडून द्यायचं, शाळेचा पेपर थोडाच आहे! मग बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ दिली. पैठणच्या घाटावर दहाव्याच्या विधींच्या आसऱ्यानं, अस्थी-राखेतले पैसे वेचून जगणाऱ्या पोराची ही कादंबरी. लेखक याच शहरातले, साकेत प्रकाशनवाले. तिच्यावरच्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ती त्यानं एका सुटीत संपवली.

परवा जिन्यात भेटला. मुकुंदवाडीहून पैठण पन्नासेक किलोमीटर. येत्या सुटीला तो मित्राची गाडी घेऊन घाट बघायला निघालाय. जाताना माझ्याकडून ‘उचल्या’ घेऊन गेला.