बोट लागायची चिंता, आणि उतरल्यावरची

मे महिन्यातला सोमवार होता आणि ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेली होती. एसटीतून निवृत्त झालेले एक काका समोर बसले. "साहेब, बोट लागू नये म्हणून एखादी गोळी लिहून द्या." लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने आईवडिलांसाठी मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे काढली होती. संध्याकाळी मुंबईहून जहाज सुटणार, दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदराला लागणार, दिवसभर गोवा बघायचा आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर. काकांना काळजी होती ती फक्त समुद्राची. जमिनीवरच्या आठ तासांत काय करणार, असे विचारले तर ते हसले. "तिथं तेहतीस आहे साहेब, मोबाइलवर बघितलं. आपल्याकडं एक्केचाळीस. थंड हवेच्या ठिकाणालाच चाललो म्हणा ना!"

मराठवाड्यातल्या माणसाचा हा ठाम समज आहे. उन्हाळा आम्हाला कोण शिकवणार? पण आपला उन्हाळा कोरडा आहे आणि किनाऱ्यावरचा ओला. फरक समजायला घरातला माठ पुरे. आपल्याकडे मे महिन्यात माठातले पाणी गार होते, कारण माठातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. डेझर्ट कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. तोच कूलर किनाऱ्यावर लावला तर खोली दमट होते, गार होत नाही.

शरीरही माठासारखेच काम करते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. तोच घाम हनुवटीवरून टपटप गळाला, तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा दिला की पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकेल, याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हे ओले तापमान साधारण २३ अंश भरते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते २८ च्या वर जाते. म्हणजे मोबाइलवर सात अंशांनी थंड दिसणारे गाव शरीराच्या हिशेबाने जास्त गरम असते. अशा हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. जहाजाच्या एसी केबिनमध्ये काढलेल्या एका रात्रीने ती होत नाही.

हे मी फक्त पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमचे दाजी याच पद्धतीने गोव्याला गेले. रात्री बोट लागू नये म्हणून एक गोळी घेतली, सकाळी उतरताना खबरदारी म्हणून दुसरी घेतली. वर रोजची बीपीची गोळी, जिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते. पुन्हा पुन्हा स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून पाणी बेतानेच. दुपारी बाराच्या सुमारास जुन्या गोव्यात एका चर्चकडून दुसऱ्या चर्चकडे चालताना ते ताईला विचारू लागले, "एसटी स्टँड कुठं आहे?" सदरा घामाने पिळून काढावा असा भिजलेला. ताईने मला फोन केला. तिचे पहिले वाक्य होते, "घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेलं नाही ना?"

हा गैरसमज जीवघेणा आहे. उष्माघातात त्वचा कोरडी पडते हे आपण ऐकलेले असते, आणि वृद्धांमध्ये अनेकदा तसे होतेही. पण दमट हवेत, चालून-चालून झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खूण बघायची ती डोक्याची. असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे, गुंगी. उन्हात हे दिसले की उष्माघातच समजा आणि थंड करायला लागा, रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन एकाने लावायचा, बाकीच्यांनी सावलीत नेऊन कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचे. किनाऱ्यावर नुसत्या वाऱ्याने पुरेसे काम होत नाही. बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल अंगभर टाकायचे, ते कोमट झाले की बदलायचे, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा येथे काहीही उपयोग नाही. दाजींचे नशीब बलवत्तर, टॅक्सीवाल्याने शेजारच्या शीतपेयाच्या गाडीवरची बर्फाची पेटीच रिकामी केली. त्या माणसाने जे पहिल्या दहा मिनिटांत केले, ते मला छत्रपती संभाजीनगरात बसून करता आले नसते.

त्या दिवशी गोळ्यांचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे मोजता येणार नाही. पण बोट लागण्यासाठी आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी (अ‍ॅव्होमिन हे तिचे घरोघरी माहीत असलेले नाव) गुंगी आणते, तोंड कोरडे पाडते आणि घामही कमी करते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तिने तुंबू शकते. जहाजातून उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत ते आपोआप थांबते. त्यासाठी पुन्हा गोळी घेऊ नका, फक्त पायऱ्या कठडा धरून उतरा. बीपी आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवीवाटे पाणी किंवा साखर बाहेर काढणाऱ्या, शरीर कोरडे पाडतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत. जाण्याआधी डॉक्टरांना यादी दाखवून त्या दिवसापुरता बदल हवा का, हे विचारायचे.

काकांचा दिवस आम्ही कागदावर असा आखला. जहाजातून पहिल्या लोंढ्यात उतरायचे. बंदरापासून जुने गोवे तीस-पस्तीस किलोमीटर, एसी टॅक्सीने आधी तिथे जायचे. साडेअकराच्या आत बाहेरची पायपीट संपवून बॉम जीझस बॅसिलिकाच्या जाड जांभ्या भिंतींच्या आत बाकावर बसायचे. (या जुन्या गोव्याची कथा वैद्यकाच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. कॉलरा आणि मलेरियाच्या साथींनी हे राजधानीचे शहर ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.) बारा ते चार उघड्यावर काहीही ठेवायचे नाही. समुद्रकिनारा हवाच असेल तर जुने गोवे सोडून सकाळीच जवळचे बोगमाळो गाठायचे. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलही नको, आणि बिअर घेतली असेल तर बावटा कोणताही असो. दोन्ही ठिकाणे एका दिवसात करू नका. जहाज सुटायच्या वेळेपेक्षा प्रवाशांनी परतायची वेळ आधीची असते. तीच वेळ कागदावर लिहा आणि तिच्याही दीड-दोन तास आधी बंदराकडे वळा. उशीर झालेला माणूस उन्हात धावतो.

औषधांची पिशवी केबिनमध्ये ठेवू नका. जहाज चुकले तर इन्सुलिन मुंबईला आणि तुम्ही वास्कोत. दोन दिवसांची औषधे हातातल्या पिशवीत हवीत, इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या टॅक्सीत राहता कामा नये. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे मी रोज बघतो. ते औषध उरत नाही, नुसते खारट पाणी होते. शहाळे उत्तम, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यातल्या पोटॅशियममुळे विचारूनच घ्यावे. हृदय कमजोर असलेल्यांनी पाणी किती प्यायचे, तेही आधी ठरवून घ्यावे. आणि वाटेत बांबोळीला महामार्गालगतच गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, हे टॅक्सीवाल्याला माहीत असतेच, आपल्यालाही असावे.

बोटीच्या गोळीचे काय, हे काकांनी शेवटी पुन्हा विचारलेच. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, म्हणून मी ती लिहिली नाही. पावसाळा सोडला तर या मार्गावर समुद्र बहुतेक दिवस शांत असतो. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर केबिन मागा, हलके जेवा, मळमळले तर डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा, एवढे सांगितले. कागद काकूंनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

जूनमध्ये दोघे बीपी तपासायला आले, काजूचा पुडा घेऊन. बोट लागली नव्हती. काकांची तक्रार वेगळीच होती. "एवढे पैसे भरून गोव्याला गेलो साहेब, आणि हिनं मला दीड तास चर्चच्या बाकावर बसवून ठेवलं."

"झोपले होते तिथं," काकू म्हणाल्या.