वाघाशी रित्या हातांनी

वाघावर रित्या हातांनी तुटून पडायचं, नदी नावेशिवाय ओलांडायची, असा चार अक्षरांचा वाक्प्रचार चिनी भाषेत रूढ आहे. तो कन्फ्यूशियसच्या संवादांत येतो. असल्या गड्याला आपण मोहिमेवर सोबत नेणार नाही, असं तो आपल्या धाडसी शिष्याला, त्झलूला, सुनावतो. म्हणजे हे शाबासकीचं बोलणं नव्हे, कानउघाडणीचं. आपण ‘वाघाच्या जबड्यात हात घातला’ म्हणतो ते मात्र बहुधा कौतुकानं.

भंडारा जिल्ह्यात वाघ नुसता म्हणीत राहत नाही. साकोली तालुक्यातल्या उसगावात मार्च २०१८ मध्ये रात्री शेळी ओरडली म्हणून एक तरुणी काठी घेऊन बाहेर धावली. समोर वाघ! रक्तबंबाळ लेकीला आईनं ओढून घरात घेतलं. दोघी जखमी झाल्या, पण वाचल्या, शेळी गेली. रक्तानं माखलेल्या चेहऱ्याचा त्या तरुणीचा सेल्फी जगभर पोचला. धाडसाला तोड नाही, पण सल्ला कन्फ्यूशियसचाच ऐकावा. वाघानं जनावर मारलं तर पंचनाम्यानंतर सरकारी भरपाई मिळते. वन विभागाची हेल्पलाइन : १९२६.