बाळाचें चपटें डोकें आणि शिरस्त्राण



पाळण्यांतील बाळाचें डोकें मागून किंवा एका बाजूनें चपटें दिसूं लागलें कीं घरांत चिंता सुरू होते. गेल्या सालीं आमच्याच घरीं ती सुरू झाली. आपल्याच हातून हयगय झाली असें सूनबाईंना वाटे. आमच्या मंडळींनीं मोहरीची उशी शिवावयास घेतली. आणि चिरंजीव डोक्यास आकार देणाऱ्या शिरस्त्राणाची, म्हणजे हेल्मेटची, माहिती घेऊन आले. अशा वेळीं निर्णय कसा करावा, याचा आज विचार करूं.

अर्भकाच्या कवटीचीं हाडें मऊ असतात व त्यांचे सांधे जुळलेले नसतात. वाढत्या मेंदूला जागा मिळावी अशी ही निसर्गाची योजना आहे. परंतु त्यामुळेंच एका जागीं सतत भार पडला कीं तो भाग दबतो. पाश्चात्य देशांत १९९२ नंतर मुलांना उताणें निजविण्याचा प्रघात वाढला. झोपेंत अकस्मात् होणारे अर्भकमृत्यू अमेरिकेंत त्यामुळें सुमारें निम्म्यावर आले; चपटीं डोकीं मात्र अधिक दिसूं लागलीं. म्हणून डोकें गोल व्हावें यासाठीं बाळाला पालथें निजविणें म्हणजे लहान दोषासाठीं मोठा धोका पत्करणें होय. आकार देणाऱ्या उशाही वापरूं नयेत, असा इशारा अमेरिकेच्या सरकारी औषध-खात्यानें २०२२ सालीं दिला आहे. मोहरीची असली तरी उशी ती उशीच!

डॉक्टरांकडून दोन गोष्टी आधीं पाहून घ्याव्या. कवटीचे सांधे वेळेपूर्वीं जुळले असतील तर तो निराळा विकार असून त्यास बहुधा शस्त्रक्रिया लागते. दुसरें, मान एका बाजूस आखडली असेल तर तिला व्यायाम हवा. हें दोन्हीं नसेल तर चपटेपणानें मेंदूची वाढ खुंटत नाहीं. प्रश्न मुख्यतः रूपाचा उरतो.

पहिले उपाय घरचेच आहेत. बाळ जागें असतां, आपल्या देखत, त्याला पोटावर खेळवावें, कडेवर घ्यावें, निजवितांना डोक्याची बाजू आळीपाळीनें बदलावी.

शिरस्त्राण डोकें दाबीत नाहीं. चपट्या भागापाशीं तें पोकळी ठेवतें, आणि वाढ त्या दिशेस होते. म्हणून तें सुमारें चौथ्या महिन्यापासून वर्षाच्या आंत, दिवसाचे तेवीस तास घालावें लागतें. हॉलंडमध्यें ८४ बालकांवर प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१४ सालीं निघाला. निम्म्यांना शिरस्त्राण दिलें, निम्म्यांना नाहीं. दोन वर्षांचीं झाल्यावर पहिल्यांपैकीं शेंकडा २६, दुसऱ्यांपैकीं शेंकडा २३ पूर्ण बरीं झालीं होतीं; म्हणजे फरक नगण्य. शिवाय घाम व त्वचेची आग हा त्रास निराळा. मात्र अतितीव्र दोषाचीं मुलें त्या प्रयोगांत नव्हतीं. आणि घरगुती उपायांनंतरही मध्यम वा तीव्र दोष राहिला तर शिरस्त्राणाचा विचार करावा, असें अमेरिकेंतील मेंदूच्या शल्यवैद्यांचें २०१६ सालचें मत आहे.

तेव्हां दोष सौम्य असेल तर धीर धरावा. तीव्र असून सहाव्या महिन्याच्या सुमारासही हटत नसेल तर वेळ न दवडतां तज्ज्ञांस विचारावें. खर्च झेपत नाहीं म्हणून कोणीं स्वतःस अपराधी मानूं नये, आणि झेपतो एवढ्यासाठींच तो करूं नये.

आमच्या नातवाची मान आखडलेली निघाली. व्यायामानें ती मोकळी झाली. शिरस्त्राण लागलें नाहीं. किंचित् चपटेपणा राहिला आहे, तो केसांखालीं झांकतो. पण यांत सूनबाईंचा दोष नव्हता, हें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां घराला खरा दिलासा मिळाला. तो शब्द आपण वडीलधाऱ्यांनीं आधींच बोलावयास हवा होता.