न्यायसहायक विज्ञान आणि खाडीचे पाणी

गुन्हेगाराचे मन, त्याची परिस्थिती व त्याचा समाज यांचा अभ्यास करते ते गुन्हेशास्त्र. घटनास्थळी उरलेल्या वस्तूंना बोलते करते ते न्यायसहायक विज्ञान. पहिले ग्रंथालयाच्या बळावर शिकविता येते. दुसऱ्यास सुसज्ज प्रयोगशाळा हवी, सबब ते मालवणसारख्या गावातील महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे होय, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. डीएनए-परीक्षणाची यंत्रे छोट्या संस्थेस परवडणार नाहीत, हे उघड आहे. परंतु या विज्ञानाचे मूळ कृत्य तुलना हे आहे, आणि तुलनेस लागणारे स्थानिक नमुने दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेपाशी आपोआप जमा होत नसतात.

एक उदाहरण घेऊ. कर्ली नदी देवबागपाशी समुद्रास मिळते. तेथे एखादे प्रेत सापडले, तर मृत्यू बुडून झाला की मृत्यूनंतर देह पाण्यात टाकला गेला, हा पहिला प्रश्न. बुडूनच झाला असेल, तर तो खाडीत की अन्यत्र, धामापूरच्या तलावासारख्या गोड्या पाण्यात, हा दुसरा. या प्रश्नांच्या उत्तरास डायॅटम, म्हणजे करंडक वनस्पती, उपयोगी पडतात. हे एकपेशीय सूक्ष्म जीव असून त्यांचे कवच सिलिकेचे असते. बुडणारा मनुष्य जिवंतपणी पाणी श्वासावाटे आत घेतो. त्यातील लहान डायॅटम फुप्फुसातून रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेपर्यंत यकृत, मूत्रपिंड, अस्थिमज्जा येथवर पोहोचतात. मृतदेहात रुधिराभिसरण थांबलेले असल्याने असे घडण्याचा संभव फार थोडा. मज्जा तीव्र नायट्रिक आम्लात तापविली की ऊतक विरघळते व कवचे शिल्लक राहतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घटनास्थळाच्या पाण्यातील जातींशी ताडून पाहावयाची.

ही कसोटी निर्विवाद मात्र नाही. डायॅटम सापडले नाहीत म्हणून बुडणे नाकारता येत नाही; अन्नातून वा हवेतूनही ते शरीरात जाऊ शकतात. नळाच्या पाण्यातसुद्धा ते असतात. उपकरणे त्या पाण्याने धुतली, की निष्कर्षच बुडाला! विद्यार्थ्यास प्रथम शिकवावयाचा तो हा संशय, कारण त्याच्या मतावर कोणाचा तरी कारावास अवलंबून असेल. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 39 नुसार तज्ज्ञाचे मत केवळ प्रस्तुत ठरते, निर्णय न्यायालयाचाच. दुसरीकडे, 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली असून ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. अशा मतांची मागणी त्यामुळे वाढणारच.

वनस्पतिशास्त्र विभागापाशी सूक्ष्मदर्शक असतो, रसायनशास्त्र विभागापाशी आम्ले व धूम्रकपाट. मालवण बंदर, कर्लीचे मुख, कालावलची खाडी, धामापूर आणि जांभ्यात खोदलेल्या काही विहिरी एवढी ठिकाणे निवडून दरमहा पाणी गोळा करावे. एकदा आणून भागणार नाही. जून ते सप्टेंबर नद्यांचे गोडे पाणी खाडीत लोटते, क्षारता उतरते, आणि एप्रिलमधील जातींची यादी ऑगस्टमध्ये निरुपयोगी ठरू शकते. भरतीचे पाणी व ओहोटीचे पाणी हेही एक नव्हे. बाटलीवर दिनांक, वेळ व क्षारता नोंदविलेली नसेल, तर ते पाणी ओतून द्यावे.