एक पाय जमिनीवर

पुण्यातल्या एका पूल पार्लरमध्ये, पंख्याच्या बटणांशेजारी, नियमांचा एक कागद प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलेला होता. कॉलेजच्या दिवसांत नंबर लागेपर्यंत तासतासभर बाकावर बसावं लागे. वाचायला दुसरं काही नसे, त्यामुळे तो कागद मला जवळजवळ पाठ झाला होता. फटका मारण्याच्या क्षणी खेळणाऱ्याचा किमान एक पाय जमिनीला टेकलेला हवा, असं त्यात होतं. तेवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्याला जोडून आणखी एक वाक्य होतं. पायातलं पादत्राण आकारमान, घडण आणि घालण्याची पद्धत या तिन्ही बाबतींत नेहमीसारखं असावं, असा त्याचा आशय होता.

चेंडू, क्यू आणि पॉकेटांच्या गर्दीत हे बूट कुठून आले? गेली पंचवीस वर्षं मी या एका वाक्याच्या मागे आहे. ते जागतिक पूल संघटनेच्या तेव्हाच्या नियमावलीतलं आहे एवढा शोध लवकर लागला. ते तिथे का आहे, हे मात्र टेबलाभोवती उभं राहूनच कळत गेलं.

स्नूकरचं पूर्ण आकाराचं टेबल बारा फूट बाय सहा फूट असतं आणि जमिनीपासून साधारण ३४ इंच उंच. पूलचं स्पर्धेचं टेबल नऊ फुटी, पण अडचण तीच. पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध जाऊन थांबला की बेताच्या उंचीच्या माणसाला कापडावर आडवं व्हावं लागतं. एक पाय वर जातो, दुसऱ्याचा जेमतेम अंगठा फरशीला लागलेला राहतो. आता आणखी अर्धा इंच हवा असेल तर माणूस काय काय करील? दोन नंबर मोठा बूट घालील, म्हणजे पाय हवेत आणि बुटाचं टोक जमिनीवर. दोन इंच जाडीचा तळ लावून घेईल. नाहीतर टाच बाहेर काढून बूट नुसता चवड्यावर लोंबकळत ठेवील. मग जमिनीला टेकलाय तो पाय, की रिकामं चामडं? पंचाने निकाल काय द्यायचा? आकारमान, घडण, घालण्याची पद्धत: तीन शब्दांनी तिन्ही पळवाटा बंद केल्या आहेत. ज्या कोणी हे वाक्य लिहिलं त्याने बरंच काही पाहिलेलं असणार. इतकं नेमकं वाक्य मला आपल्या कायद्यांच्या पुस्तकांतही फार वेळा भेटलेलं नाही.

हा नियम चुकवणं महाग पडतं. स्नूकरमध्ये किमान चार गुणांचा दंड बसतो. पूलमध्ये प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हवा तिथे ठेवायची मुभा मिळते, आणि चांगल्या खेळाडूला एवढं मिळालं की डाव संपल्यातच जमा असतो.

या नियमाची आठवण आली की मला नेहमी एफ्रेन रेयेस डोळ्यांसमोर येतो. फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांतात १९५४ साली जन्मलेला हा मुलगा पाच वर्षांचा असताना मनिलाला आपल्या काकांच्या पूल हॉलमध्ये राहायला आला. टेबलापर्यंत हात पोहोचत नव्हता, म्हणून तो कोका-कोलाची खोकी जमिनीवर मांडून त्यांवर उभा राहायचा. दर फटक्याला खाली उतरायचं, खोकं ढकलत नव्या जागी न्यायचं, वर चढायचं, तोल सावरायचा, मगच नेम धरायचा. याच मुलाने १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचं जागतिक विजेतेपद जिंकलं. पायाखालची जागा पक्की झाल्याशिवाय क्यू पुढे न्यायचा नाही, ही शिस्त त्याला त्या खोक्यांनीच लावली असावी असं मला वाटतं.

१८७५ चं जबलपूर, पावसाळी दुपार, लष्करी मेस, नेव्हिल चेंबरलेन आणि पुढे उटीच्या क्लबातले नियम ही स्नूकरच्या जन्माची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते. हा खेळ आपल्याकडे वाढला तो बूट घालूनच आत जायच्या जागी. जिमखाने आणि क्लब यांनी चपलेला दारातच अडवलं. मकबूल फिदा हुसेन यांच्यासारख्या चित्रकारालाही १९८८ मध्ये मुंबईतल्या एका जुन्या क्लबने अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नाही. त्या दाराशी किती चपला परत फिरल्या असतील, आणि त्यांच्याबरोबर किती चांगले खेळाडू परत गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, आपल्या देशाला जगज्जेता दिला. त्यानंतरही हा खेळ बराच काळ दाराआडच राहिला. पूल पार्लरांनी ते दार उघडलं, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

आमच्या पार्लरमध्ये एक म्हातारे मार्कर होते. जन्मभर एका क्लबात चाकरी करून निवृत्त झाले आणि इथे संध्याकाळी चेंडू लावायला येऊ लागले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. खडूच्या पुडीने पुढच्या बाजूला निळसर झालेले, पण नाड्या रोज धुतल्यासारख्या स्वच्छ. चालताना आवाज अजिबात नाही. टेबलाभोवती ते तासन्‌तास फिरत आणि कधी कुणाच्या नजरेत येत नसत. मी एकदा कोल्हापुरी घालून गेलो होतो. करकरणारी, नवी, हौसेने आणलेली. दोन फटक्यांनंतर ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, चप्पल लई झ्याक आहे. पण समोरचा नेम धरतोय आणि तुमची वहाण बोलतीय.” क्लबांनी चपलेला नाकारलं त्यात मोठेपणाचा तोरा होता. या मार्करकाकांनी नाकारलं ते खेळाच्या बाजूने. शिवाय कोल्हापुरीला मागचा आधार नाही, चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो, आणि वाकताना सगळी पकड अंगठ्यावर येते. आपल्या पायताणांमध्ये तिच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, हे माझं मत कायम आहे. पूल मात्र तिच्यात खेळू नये.

पवित्रा हा शब्द आपण कुस्तीसाठी, दांडपट्ट्यासाठी वापरतो. या खेळालाही तोच शब्द शोभतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय मागे, फटक्याच्या रेषेवर, गुडघा सरळ. डावा पाय पुढे, थोडा बाजूला, गुडघ्यात वाकलेला. मग कमरेतून खाली जायचं, हनुवटी क्यूवर येईपर्यंत. या अवस्थेत हलायचा अधिकार फक्त उजव्या कोपराखालच्या हाताला. बाकी सगळं शरीर दगडासारखं. ही स्थिरता येते तळव्यांतून. टाच उंच असेल तर वजन चवड्यावर ढकललं जातं, पुढचा गुडघा जास्त वाकतो, पोटरी आखडते, आणि तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला मागचा पाय बारीक थरथरायला लागतो. ती थरथर क्यूच्या टोकापर्यंत पोहोचते. चेंडू पॉकेटच्या ओठावर अडकतो आणि आपण खडूला, कापडाला, नशिबाला बोल लावत बसतो.

उभं राहण्याची सर्वांत कठोर परीक्षा दिली ती टॉम रीस या इंग्रज बिलियर्ड्सपटूने, १९०७ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये. दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवायचे की आपल्या चेंडूने त्यांना हलकेच टिचकी मारत राहिलं तरी ते जागचे सुटत नाहीत. प्रत्येक टिचकीला दोन गुण. पाच आठवडे रोज येऊन रीसने ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक, म्हणजे न चुकता सलग खेळी, केला. प्रत्यक्ष खेळण्याचा वेळ ८५ तास ४९ मिनिटं. हिशेब केला तर मिनिटाला जवळपास ४८ टिचक्या पडतात. प्रेक्षक आणि वार्ताहर सतत हजर नव्हते म्हणून हा विक्रम अधिकृत मानला गेला नाही, आणि ही युक्ती लवकरच नियमबाह्य ठरली. गुणांचा आकडा सगळे लिहितात. मला मात्र एकाच कोपऱ्यात उभे असलेले ते दोन पाय दिसतात. टेबलाभोवती चालायला मिळालं तर पाय मोकळे तरी होतात. रीसला तीही सवलत नव्हती.

आता ज्या प्रकरणात मी सर्वांत जास्त गुंतलो त्याकडे येतो. व्यावसायिक स्नूकरमध्ये वेस्टकोट, बो-टाय आणि चकाकणारे काळे बूट हा पोशाख इतका मुरलेला आहे की तो खेळाचाच भाग वाटतो. २०१४ च्या अखेरीस यॉर्कला यूके चॅम्पियनशिप होती. त्याआधी रॉनी ओ’सुलिव्हनचा घोटा धावताना मोडला. सुजलेला पाय कडक चामड्यात जाईना. तेव्हा तो वर वेस्टकोट आणि खाली धावायचे बूट अशा वेषात टेबलापाशी आला. शिष्टाचाराचे रखवालदार अस्वस्थ झाले असणार. त्याच बुटांत त्याने मॅथ्यू सेल्टला ६-० हरवताना १४७ चा पूर्ण ब्रेक केला. अंतिम सामन्यात जड ट्रम्पविरुद्ध ९-४ अशी आघाडी ९-९ पर्यंत घसरू दिली आणि शेवटची फ्रेम जिंकून विजेतेपद घेतलं. समोरचा ट्रम्प हा या खेळातला सर्वांत शौकीन पायांचा माणूस. खिळे जडवलेले लुबूतँ कंपनीचे लोफर घालून त्याने एके काळी स्नूकरच्या जगाला बोलायला विषय दिला होता. एकाची नटवी पावलं गाजलेली, दुसऱ्याचा पाय दुखरा. बुटांवर लिहिणाऱ्याला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

गोष्ट तिथे संपली नाही. एप्रिल २०१५ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबलमध्ये जागतिक स्पर्धेची पहिली फेरी होती, समोर क्रेग स्टेडमन. ओ’सुलिव्हन पुन्हा रीतीप्रमाणे काळे बूट घालून आला होता. बूट चावायला लागले. त्याने ते सरळ काढून ठेवले आणि मोज्यांवर खेळायला लागला. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित टेबलापाशी, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, सर्वांत मोठा खेळाडू मोज्यांवर उभा. पुढे स्पर्धेचे संचालक माइक गॅन्ली यांचे बूट त्याने मागून घेतले आणि सामना १०-३ ने जिंकला.

या प्रसंगाकडे बहुतेकांनी लहरी माणसाचा आणखी एक चाळा म्हणून पाहिलं. मला ते पटत नाही. त्याचा खेळ मी वर्षानुवर्षं पाहिला आहे. फटक्याआधी तो पाय ज्या निगुतीने ठेवतो ते पाहिलेल्या कुणालाही त्या दिवशी काय झालं ते कळेल. दुखरा बूट लक्ष खालून ओढत राहतो. नेम धरताना माणसाला स्वतःच्या पायांचा पूर्ण विसर पडायला हवा. मोज्यांवर पकड कमी, पण वेदना नाही. त्याने दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं. पोशाखाचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या दिवशी एवढंच विचारायला हवं होतं: काळा, रुबाबदार आणि पाय न चावणारा बूट निवडणं इतकं का अवघड जावं?

ते फारसं अवघड नाही, हे मी बरेच जोडे वापरून आणि टाकून शिकलो आहे. बूट घेताना सगळे दुकानात चार पावलं चालून बघतात. पूलसाठी घेत असाल तर चालू नका, वाका. काउंटरच्या कडेला पवित्रा घ्या, दोन मिनिटं तसेच थांबा. बोटांच्या मुळाशी, जिथे बुटाला घडी पडते तिथे, चामडं रुतलं तर तो जोडा परत द्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि आपण खेळतो संध्याकाळीच, म्हणून खरेदीही संध्याकाळीच करावी. टाच इंचापेक्षा कमी. आपल्याकडच्या पार्लरमध्ये बहुधा गुळगुळीत टाइल्स असतात आणि त्यांवर खडूची बारीक पूड, तेव्हा तळ रबराचा हवा. फार जाड, फुगीर तळाचे धावायचे बूट मऊ लागतात, पण त्यात पाय डुलतो. ओ’सुलिव्हनला ते घोट्यासाठी हवे होते, आपल्याला नकोत.

आणि देखणेपणा? त्याबद्दल मी मुळीच संकोचत नाही. वाकलेल्या खेळाडूची पाठ दिसते आणि पाय दिसतात, चेहरा तर क्यूमागे जातो. प्रेक्षकाच्या वाट्याला येतात ते बूटच. माझी पसंती गडद तपकिरी, नाडीच्या, साध्या टोकाच्या चामडी जोड्याला आहे, खाली चपटा रबरी तळ लावून घेतलेल्या. लोफर दिसतात सुरेख, पण ताणून घेतलेल्या फटक्याला टाच त्यांतून सुटते आणि आपण त्या नियमाच्या तिसऱ्या शब्दाजवळ जाऊन पोहोचतो. स्वेड चामडं हिवाळ्यासाठी ठेवा, पुण्याच्या जुलैत ते टिकत नाही.

काकांची एक सवय मला फार उशिरा कळली. खेळाडू टेबलावर आडवा होतो, मागचा पाय वर जातो, तेव्हा बुटाचा तळ मागे उभ्या असलेल्या मार्करला पूर्ण दिसतो. काका ते तळ वाचत. कुणाची टाच बाहेरून झिजली आहे, कुणाच्या चवड्याखाली खड्डा पडला आहे, यावरून कोण कसा उभा राहतो हे त्यांना कळे. एका रात्री पार्लर बंद होताना त्यांनी मला बाकावर बसवलं, माझा उजवा बूट काढायला लावला आणि दिव्याखाली उलटा धरला. टाचेची आतली कड पार गेली होती, बाहेरची जवळपास नवी.

“मागचा पाय आत कलतोय साहेब,” ते म्हणाले, “म्हणून तुमचा लांबचा फटका उजवीकडं जातो. आधी टाच बसवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी मोच्याने पाऊण तास घेतला, जुनी टाच खरवडून काढली, नवं रबर चिकटवून कडा कानशीने घासल्या आणि जोडा फरशीवर ठेवून दोन बोटांनी दाबून पाहिला. डुगडुगला नाही. संध्याकाळी मी तो घालून गेलो तेव्हा काका चेंडू लावत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, आधी पायांकडे पाहिलं आणि पांढरा चेंडू माझ्याकडे सरकवला.